घोडा कुणाचा?

परवा रविवारी मिसळ खाऊन कट्ट्यावर टेकलो आणि नेहमीसारखा फौजेचा विषय निघाला. कोल्हापुरात या विषयाला निमित्त लागत नाही, भावकीत एकतरी फौजी असतोच, आणि ज्यांच्यात नसतो ते जरा जास्तच बोलतात. या वेळी निमित्त अग्निवीरांचं होतं. जून २०२२ ला योजना जाहीर झाली, चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस कायम आणि बाकीचे घरी, आता पहिल्या तुकडीची चार वर्षं भरत आली म्हटल्यावर परत येणाऱ्या पोरांचं करायचं काय हा प्रश्न खराच आहे. एकानं तोडगा काढला, या सगळ्यांना शनिवार-रविवारचे शिपाई करा, आठवडाभर कुठंतरी नोकरी करू देत, महिन्यातनं दोन दिवस परेड, गरज पडली की बोलवून घ्यायचं, अमेरिकेत असंच चालतंय. दुसरा उसळला, सुट्टीतले शिपाई म्हणजे पिकनिक, युद्ध काय रविवारी बारा ते चार असतंय काय. मग तासभर नुसता कालवा. देशभक्ती झाली, बेरोजगारी झाली, इस्रायल झालं, नेहरूही येऊन गेले. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही, की तो पोरगा शनिवारी सकाळी परेडच्या मैदानावर पोचणार कसा? कुठनं निघणार, किती वाजता, कुणाच्या पैशानं, आणि शुक्रवारची पाळी कुणाच्या गळ्यात मारून?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. वीकेंडची फौज हवी असेल तर घराचा उंबरा ओलांडल्यापासून परत उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंतचा सगळा वेळ ड्युटी धरा, तिकिटाचे पैसे सरकारनं द्यावेत आणि ज्याच्याकडं तो कामाला आहे त्या मालकाला त्या दिवसाची काहीतरी भरपाई द्यावी. हे जमणार नसेल तर योजना काढू नका. कारण मग बटालियनच्या गेटापासून रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर राहणाऱ्यांचीच ती फौज होणार, आणि आपण तिला उगंच देशाची फौज म्हणत बसणार.

अमेरिकेचं उदाहरण कट्ट्यावर फेकलं गेलं म्हणून तिथनंच सुरू करतो, कारण माझा सख्खा भाचा तिथं आर्मी रिझर्व्हमध्ये आहे. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल, वर्षातनं एकदा साधारण दोन आठवड्यांचं ट्रेनिंग. पगाराचा हिशोब तिथं बरा आहे, एका वीकेंडचे चार भाग धरतात, प्रत्येक भाग निदान चार तासांचा, आणि प्रत्येक भागाला एका दिवसाचा मूळ पगार, म्हणजे दोन दिवसांत चार दिवसांचा पगार पडतो. ऐकायला झकास. पण नोकरी बदलली म्हणून त्यानं गाव बदललं आणि युनिट राहिलं तिथंच. आता एका बाजूचं अंतर १४० मैल, आपल्या भाषेत सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते पुणं. प्रवासखर्च मिळायची सोय आहे की, पण ती १५० मैलांच्या पुढं राहणाऱ्यांना, त्यातही ज्या कामाच्या माणसांची फौजेला टंचाई आहे अशांना, आणि ठरावीक रकमेपर्यंत. बाकीच्यांचं जाणं-येणं म्हणजे आपण रोज ऑफिसला जातो तसंच, ज्याचं त्यानं बघायचं. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधनं सुटला की गाडी काढतो, रविवारी रात्री घरी पोचतो, सोमवारी सकाळी परत लॅब. मागं एकदा पेट्रोल पंपावरनं फोन केला होता, मागं गाड्यांचा आवाज, हा काहीतरी चघळत बोलत होता, म्हणाला, "मामा, ड्रिलचं काय वाटत नाही, रस्ता खातोय." दहा मैलांनी हुकलेल्या भत्त्यावर मात्र तो हसतो, मला हसू येत नाही.

आपल्याकडं हे सगळं नवीन आहे अशातलाही भाग नाही. टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे टीएचा, कायदा १९४८ चा, ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते ती सुरू झाली, आणि कोल्हापुरात तर टेंबलाईवाडीला मराठा लाइट इन्फंट्रीची टीए बटालियनच आहे, भरती निघाली की बाहेरगावची पोरं आदल्या रात्री पिशवी उशाला घेऊन फुटपाथवर झोपलेली आपण बघतोच. कल्पना चांगली होती, नोकरी-धंदा सांभाळून देशासाठी काही दिवस. शहरी युनिटांसाठी तर सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग घ्यायची आणि चार तासांचं ट्रेनिंग एक दिवस धरायची पद्धत ठेवलेली आहे. चार तासांचा एक दिवस! हे ऐकलं की मला चंदगडचा पोरगा दिसतो. चंदगडहून कोल्हापूर शंभरच्या वर किलोमीटर, गडहिंग्लजवरनं एसटीनं तीन-साडेतीन तास, तेवढेच परत. त्याला खरं तर बेळगाव जवळ पडतं, पण ते राज्यच वेगळं, तो विषय आता नको. तर ट्रेनिंगचे चार तास मोजले आणि रस्त्यावरचे सात तास हवेत गेले. ज्यानं हा नियम केला तो सिटी बसच्या अंतरावर राहत असणार, दुसरं काय?

यावर कट्ट्यावरचं सगळ्यात टाळ्या घेणारं उत्तर असं होतं, "मावळ्यांनी कधी तिकीट मागितलं नव्हतं." वाक्य झणझणीत आहे, पण इतिहास म्हणून कच्चं आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते हे आपण शाळेत घोकलंय, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतला, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणार. आणि शिवाजी महाराजांचा कल कुणीकडं होता? पागेकडं. सरकारी घोड्यांची पागा वाढवायची आणि शिलेदारांना तिच्या धाकात ठेवायचं हे धोरण होतं, आणि त्यात साधा व्यवहार होता. ज्याचा घोडा त्याची मर्जी. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं पोटच गेलं, मग तो ऐन वेळी घोडा जपेल की घालेल? शिवाय स्वतःचा घोडा बाळगणारा म्हणजे घरचा बरा माणूस, गरिबाच्या पोराला घोडदळात जायचं तर बारगीर होण्याशिवाय वाट नव्हती. म्हणजे तिकीट मागायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था राज्यकर्त्यानं केली होती. आजच्या हिशोबात ते तिकीट, ती मोटरसायकल, त्यातलं पेट्रोल हाच घोडा आहे, आणि आपण नव्यानं शिलेदारी सुरू करायला निघालोय, वर नाव मावळ्यांचं घेतोय.

आणि ही पद्धत शांततेत छान चालते, मोडते ती नेमकी युद्धात, याचा दाखलाही घरचाच आहे. इंग्रजांच्या देशी घोडदळातल्या बहुतेक रेजिमेंटी याच तत्त्वावर होत्या, त्यांच्या तोंडी ‘सिल्लादार’, शब्द तोच, आपला शिलेदार. भरती होताना स्वारानं आसामी म्हणून रक्कम भरायची, घोडा, खोगीर, दाणावैरण हे सगळं त्याच्या पैशातनं आणि पगारातनं भागायचं. सरकार खूश, घोडदळ स्वस्तात पडतंय. मग १९१४ चं युद्ध आलं. रेजिमेंटी समुद्रापार गेल्या, घोडे आणि माणसं पडायला लागली, आणि त्यांच्या जागी नवीन घोडे, नवीन माणसं उभी करायची ताकद या घरगुती भिशीसारख्या व्यवस्थेत नव्हती, शेवटी सगळा भार सरकारलाच उचलावा लागला. युद्धानंतर पद्धत मोडीत काढली, आणि ३९ रेजिमेंटींच्या एकत्र करून २१ केल्या. वाचवलेले पैसे नेमके गरजेच्या दिवशी व्याजासकट गेले. वीकेंडच्या शिपायाचं तिकीट वाचवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा बघावा.

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे खरंच वजनाचे आहेत त्यांच्याकडं येतो. पहिला, अरे हे स्वखुशीचं आहे ना, कुणी बळजबरी केलीय का, परवडत नसेल त्यानं जाऊ नये. मान्य, बळजबरी नाही. पण स्वखुशी म्हणजे जायचं की नाही हे त्यानं ठरवणं, जायचा खर्च त्यानंच सोसणं हा स्वखुशीचा अर्थ कुठनं आला? आमदारही स्वखुशीनं निवडणुकीला उभा राहतो, त्याला मुंबईला अधिवेशनाला जायला प्रवासभत्ता आपण देतोच की, आणि द्यावाच, नाहीतर विधानसभेत फक्त मुंबईचे आणि मालदार लोक दिसले असते. तोच न्याय शिपायाला लावताना आपल्या पोटात का दुखतं? दुसरी गंमत म्हणजे ‘परवडत नसेल त्यानं जाऊ नये’ हे वाक्य म्हणणाऱ्यातला एकही जण स्वतःच्या पोराला पाठवायला तयार नव्हता, हा युक्तिवाद नव्हे, नुसतं नोंदवून ठेवतो.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार. जवळची माणसंच भरती करा, पन्नास किलोमीटरच्या आतली, प्रश्नच मिटला. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि थोडा वेळ मीही गप्प झालो होतो. पण नकाशा समोर ठेवा. कोल्हापूर शहराभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढलं की चंदगड बाहेर, आजरा बाहेर, गडहिंग्लज बाहेर. फौजेत पोरं जातात ती कुठनं? शहरातल्या राजारामपुरीतनं की या तालुक्यांतनं? आणि समजा वर्तुळातलाच घेतला, तरी तो तिथं राहणार आहे का? आजऱ्याचा अग्निवीर परत आला की आजऱ्यात त्याला काम काय आहे, तो जाणार चाकणला, नाहीतर पिंपरीला, नाहीतर गोव्याला सिक्युरिटीत. म्हणजे घर आजऱ्यात, नोकरी चाकणला, युनिट कोल्हापुरात. माझ्या भाच्याचं झालं तेच, फक्त याच्याकडं गाडी नाही. ज्या देशात पोट भरायला गाव सोडावं लागतं तिथं ‘जवळचा माणूस’ ही गोष्ट सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

पिकनिकवाल्याचं म्हणणं थोडक्यात उरकतो कारण त्याचं उत्तर इतिहासानं कधीच दिलंय. किचनेर, जो आधी सात वर्षं हिंदुस्थानचा सरसेनापती होता, १९१४ ला ब्रिटनचा युद्धमंत्री झाला तेव्हा त्याला तिथल्या टेरिटोरियलांवर काडीचा भरवसा नव्हता, त्यानं त्यांना बाजूला ठेवून वेगळी नवी सेनाच उभी करायला घेतली. पण ती तयार होईपर्यंत खिंड लढवली कुणी? याच सुट्टीतल्या शिपायांनी. काही फ्रान्सला गेले, आणि काही तर बोटीत बसून इथं हिंदुस्थानात आले, इथल्या कायम पलटणी युरोपला नेता याव्यात म्हणून. आपल्या टीएनं १९६५ आणि १९७१ बघितलंय. आणि गेल्या वर्षी, ६ मे २०२५ च्या अधिसूचनेनं लष्करप्रमुखांना टीएला बोलवायचे अधिकार मिळाले, ३२ पायदळ बटालियनपैकी १४ सेवेत घ्यायचं ठरलं, तेव्हा पिकनिक हा शब्द कुणी काढल्याचं ऐकलं नाही. हां, महिन्यातनं दोन दिवसांच्या सरावावर कायम शिपायाइतकी धार येत नाही हे खरंच आहे. पण म्हणूनच ते दोन दिवस पूर्ण मिळायला पाहिजेत, रात्रभर एसटीच्या दांड्याला लटकून आलेल्या माणसाला सकाळी रायफल देऊन काय शिकवणार?

मालकांचं दुखणं मला मनापासून पटतं, कारण मी स्वतः अठरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत. सात माणसांच्या युनिटात सीएनसी मशीनवरचा एक माणूस शनिवारी गेला की ऑर्डर अडकते आणि ती अडकली की पुढच्या महिन्यात ती दुसरीकडं जाते. मी जिथं होतो तिथं एक टर्नर असाच भरतीच्या नादात होता, मालकानं तोंडावर काही म्हटलं नाही, नुसतं दिवाळीत त्याचा बोनस बारीक झाला. समजायचं ते तो समजला. कायद्यानं नोकरीला आधार दिलाय, १९५२ साली टीएच्या कायद्यात कलम घातलं की सेवेवरनं परत आलेल्याला मालकानं पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर परत घ्यायचं, आणि त्याबाबतचा हुकूम मोडला तर दंड, वर सहा महिन्यांचा पगार. दंड किती? हजार रुपयांपर्यंत. १९५२ चे हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, आज त्यात चौघांचं तांबडा-पांढरा जेवण होत नाही. आणि बोनस बारीक करणाऱ्या मालकाला तर हे कलम शिवतही नाही. अमेरिकेत १९९४ चा कायदा बराच कडक आहे, नुसती नोकरी राखायची असं नाही, फौजेत आहे म्हणून बढती डावलली तरी खटला होतो. पण नुसत्या कडक कायद्यानं छोटा मालक सरळ होत नाही, तो असल्या पोराला कामावर घेणंच टाळतो. स्विस लोकांनी वेगळा उपाय केलाय, सेवेच्या दिवसांचा साधारण ८० टक्के पगार एका सामायिक विम्यातनं येतो, त्यात सगळे नोकरदार आणि मालक थोडं थोडं भरतात, त्यामुळं शिपायाचं ओझं त्याच्या एकट्या मालकावर पडत नाही. आणि हो, हुकूम हातात असलेला स्विस शिपाई गणवेशात रेल्वेनं फुकट जातो. देश आपल्या चार-पाच जिल्ह्यांएवढा, तरी प्रवासाचा विचार आधी केला.

यात आमच्या गावची एक वेगळीच अडचण आहे जी दिल्लीत कुणाच्या डोक्यातही येणार नाही. वीकेंड वीकेंड म्हणताय, कुणाचा वीकेंड? कोल्हापुरात बाजारपेठ बंद सोमवारी, बऱ्याच कारखान्यांची सुट्टी सोमवारी. महाद्वार रोडवरच्या कापडदुकानातल्या पोराला रविवार हा आठवड्यातला सगळ्यात धंद्याचा दिवस. शनिवार-रविवार मोकळा असतो तो बँकेतल्या आणि आयटीतल्या माणसाला, आणि तोही सगळ्याच शनिवारी नाही. जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. मराठ्यांची फौज पावसाळ्यात घरी यायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची, कारण स्वार शेतकरीही होता, पेरणी-कापणी झाल्याशिवाय त्याचं मन मोहिमेत लागणार नाही हे सरकारला ठाऊक होतं. दसरा चौकात आपण दरवर्षी सोनं लुटायला जातो, त्या सोहळ्याच्या मुळाशी हाच हिशोब आहे, फौजेचं कॅलेंडर माणसांच्या कॅलेंडरवर बसवलं होतं. आज उलटं चाललंय.

पैसे कुठनं आणायचे, हा शेवटचा मुद्दा, आणि तो मांडणारा माणूस प्रामाणिक होता. तिकिटावर उधळण्यापेक्षा बंदुका घ्या म्हणाला. पण धरून चाला, जाऊन-येऊन पाचशे रुपये, महिन्यातनं एकदा, म्हणजे माणशी वर्षाला सहा हजार. ज्या पोराच्या चार वर्षांच्या ट्रेनिंगवर सरकारनं एवढा खर्च केला तो सहा हजारांसाठी गळाला तर तोटा कुणाचा? आणि फुकट प्रवास ही काही महाराष्ट्राला न जमणारी गोष्ट नाही, २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, यंत्रणा आहे, कार्ड आहे, कंडक्टरला सवय आहे. होमगार्डांचा रोजचा कर्तव्य भत्ता २०२४ मध्ये ५७० वरनं १०८३ केला, चांगलं केलं. मनात आलं की होतं.

होमगार्डवरनं आठवलं. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी सीबीएसला, म्हणजे मोठ्या एसटी स्टँडवर, मुलीला आणायला गेलो होतो, साडेचार वाजले असतील. फलाटावरच्या बाकावर खाकीतला एक पोरगा बसला होता, बूट काढून शेजारी लावलेले, मोजे बुटात कोंबलेले, तळवे पांढरेफट्ट आणि सुरकुतलेले, रात्रभर पाण्यात उभा असल्यासारखे. मिरवणूक संपायला पहाट झाली, गाव गारगोटीच्या पुढं आतल्या अंगाला, पहिली गाडी मिळाली की निघणार म्हणाला. चहा घेतोस का विचारलं तर म्हणाला, "नको काका, चहा प्यालो की झोप जाईल, गाडीत झोपायचं आहे." दहा वाजता दूध संघाच्या टेम्पोवर कामाला जायचं होतं त्याला.

हे सगळं मी कट्ट्यावर एवढं सलग बोललो नाही, बोलू कोण देतंय. पण ज्यानं योजना काढली होती त्याला एवढं विचारलं, की तुझा पुतण्या अग्निवीरमध्ये आहे, परत येऊन चाकणला लागला तर शनिवारी सकाळी सहाला टेंबलाईवाडीत कसा उभा करतोस सांग. तो बोटं मोजायला लागला. सेकंड शिफ्ट रात्री साडेबाराला सुटणार, तिथनं स्वारगेटला यायचं, दीड-दोनची गाडी मिळाली तर, "मिळाली तर" असं तोच म्हणाला, सातारा, कराड, पेठनाका, तावडे हॉटेल, पोचेपर्यंत सात. सातला पोचला तर तासभर उशीर, शिक्षा. मग म्हणाला, शुक्रवारी सुट्टी टाकेल. मी म्हटलं, दर महिन्याला? जरा थांबला, आणि म्हणाला, "मग सोमवारी ठेवा की परेड." चाकणची सुट्टी सोमवारी नसते हे त्याला कुणीतरी सांगितलं, तोवर चहा आला होता.